चाळीस मुलांची दुपार

इतिहासाच्या तिसऱ्या वर्षाला एक प्रकल्प असतो. घरातल्या जुन्या माणसाची मुलाखत घ्यायची आणि ती शब्दन्‌शब्द उतरवून काढायची. बाईंनी नियम घालून दिला होता : प्रश्न विचारा आणि गप्प बसा. समोरचं माणूस थांबलं तरी मधे बोलू नका. खरं काय ते थांबण्यानंतरच येतं.

मला माणूस शोधत फिरावं लागलं नाही. सासूबाईंनी सूतगिरणीच्या पाळणाघरात एकवीस वर्षं काढली होती. माझं अर्धवट राहिलेलं शिक्षण पुन्हा सुरू झालं, तेही त्यांच्याच जिवावर. "तू जा गं कॉलेजला. चाळीस पोरं सांभाळलीत मी, एकीचं काय घेऊन बसलीस!"

ही एक म्हणजे माझी ढमी, चौदा महिन्यांची. सकाळी घर डोक्यावर घेणारी आणि सासूबाईंनी निजवलं की दुपारी चार-चार तास हूं की चूं न करणारी. रविवारी मी निजवलं तर अर्ध्या तासात उठून बसायची. "तुझ्या हाताला गुण नाही," सासूबाई हसायच्या. मीही हसायचे.

त्या दिवशी कॉलेजला सुट्टी होती. ढमीला आत निजवून त्या खुर्चीत येऊन बसल्या. मी फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं.

"आई, एका पाळीला मुलं किती असायची?"

"चाळीस. आणि आम्ही दोघी."

"मग सांभाळायचात कशी?"

"सांभाळायचं कसलं... झोपवायचो."

मी गप्प राहिले.

"अफूची गोळी असायची. मोहरीएवढी. दुधात विरघळवायची, की भोंगा होईपर्यंत पोर डोळा उघडायचं नाही. असं तोंड नको करूस. तेव्हा सगळीकडे हेच चालायचं."

मी मनातून खूश झाले होते, हेही लिहायला हवं. असं काही वर्गात दुसऱ्या कोणाला मिळणार नव्हतं.

"सगळी उठायची ना?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "एक नाही उठलं. पण ते मुळातच अशक्त होतं."

मी जीभ दातांखाली धरून बसले.

"आता कुठली मिळायला ती गोळी! त्यापेक्षा हे सर्दीचं औषध बरं. अर्धा चमचा, की दुपारभर घोर नाही."

मला कळलं, पण गिरणीतलंच काहीतरी म्हणून कळलं.

"कोणाला देता, आई?"

"कोणाला काय? ढमीला! तुला एवढा वेळ वाचायला मिळतो तो काय आकाशातून पडतो?"

माझी खुर्ची मागे पडली. ढमी आत उताणी झोपली होती. उचललं तर मान माझ्या कोपरावरून खाली ओघळली. हाका मारल्या, तोंडावर पाणी मारलं, तळपायाला चिमटे काढले. तिसऱ्या चिमट्याला ती कुरकुरली. मी अनवाणीच रस्त्यावर पळाले.

डॉक्टरांनी तिचा श्वास मोजला आणि बाटलीबद्दल विचारलं. "आज धोका नाही. पण अजून एखादा चमचा गेला असता, तर मी असं म्हणालो नसतो. कधीपासून देताय?"

इतिहास घेतल्यापासून मी सनावळ्या पाठ करतेय. ही एक तारीख मला माहीत नव्हती. सासूबाई माझ्या चपला हातात घेऊन दारात पोचल्या होत्या.

"हिच्या गेल्या परीक्षेपासून," त्या म्हणाल्या.

त्या परीक्षेत मी वर्गात पहिली आले होते.

आठवडाभर मी कॉलेजला गेले नाही. सासूबाई रडल्या, बाटली स्वतःच्या हाताने मोरीत रिकामी केली, ढमीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. सोमवारपासून जायचं, असं मी जवळजवळ ठरवलं होतं. म्हातारं माणूस, चुकलं, असं नवरा म्हणाला. मीही म्हणाले.

मग मुलाखत उतरवायला बसले. गडबडीत रेकॉर्डिंग बंद करायचं राहून गेलं होतं. खुर्ची पडल्याचा आवाज आला. लांबून माझ्या हाका आल्या. आणि मग अगदी फोनजवळ, हळू आवाजात, सासूबाई कोणाशीही न बोलता बोलत होत्या :

"अशक्त नव्हतं गं ते. चांगलं गुटगुटीत होतं."

बाहेरच्या खोलीत ढमी खिदळत होती. मी उठले आणि तिला त्यांच्या मांडीवरून उचलून घेतलं.

"का गं? काय झालं?" त्यांनी विचारलं.

मी गप्प राहिले.