ओरिजनल घरात, झेरॉक्स गाडीत

"आई, एकडाव आठवून तं पाय. बाबानं ते कार्ड ठेवलं कुठी?"

गजेंद्रनं कपाटाचा खालचा कप्पा पलंगावर उपडा केला होता. सुलोचनाबाई दाराला टेकून ते पसरलेले कागद पाहत होत्या. खताच्या दुकानाचं लायसन, विजेची जुनी बिलं आणि पांढऱ्या गाडीची निळी फाईल. फाईलमध्ये विम्याचे कागद होते, पीयूसी होती, आरसीच्या झेरॉक्स तर गठ्ठ्यानं होत्या. नव्हतं ते फक्त आरसीचं मूळ कार्ड.

"मले नाई मालूम," त्या म्हणाल्या.

मालूम होतं. ते कार्ड दसऱ्यापासून स्वयंपाकघरातल्या देव्हाऱ्यात, अन्नपूर्णेच्या मागं होतं.

सदाशिवरावांच्या कागद जपण्याची अख्ख्या अल्लीपुरात चेष्टा व्हायची. देवावर त्यांचा विश्वास होताच, पण झेरॉक्सवर थोडा जास्त. गाडीचं कार्ड हातात पडलं तेव्हा पेढे राहिले बाजूला, आधी ते झेरॉक्स काढायला गेले. एक प्रत गाडीच्या डॅशबोर्डात, एक दुकानाच्या गल्ल्यात, एक बायकोच्या पर्समध्ये. "ओरिजनल घरात, झेरॉक्स गाडीत," ते ज्याला त्याला सांगत. "गाडी चोरीले गेली तरी आपली हाये हे दाखवता आलं पायजे." हिंगणघाटच्या चौकात पोलिसानं अडवलं, की ते इतक्या आनंदानं कागद काढायचे, की पोलीसच घाईघाईनं त्यांना पुढं सोडायचा. गजेंद्रनं एकदा सगळं फोनमध्ये घालून दिलं होतं. ते त्यांनी कौतुकानं पाहिलं आणि त्याचीही एक झेरॉक्स काढून आणायला सांगितली. ते गेल्यावर त्यांचं सिम बंद झालं, आणि फोनमधले कागद उघडायचा ओटीपी त्या बंद नंबरावरच जात राहिला.

मूळ कार्ड वर्षातून एकदाच कपाटाबाहेर यायचं, दसऱ्याला. दुकानातला वजनकाटा, गाडीची किल्ली आणि ते कार्ड असं पाटावर मांडलं जायचं. कुंकू सुलोचनाबाई लावायच्या. पूजा आटोपली की सदाशिवराव कार्ड फडक्यानं पुसून पुन्हा कपाटात ठेवायचे. या दसऱ्याला मात्र पाहुणे आले होते, उशीर झाला होता. "राहू दे आज देवापाशी," ते म्हणाले, "उद्या ठेवतो." दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाचं शटर वर करताना ते खाली बसले ते उठलेच नाहीत.

पुढचं सगळं सुलोचनाबाईंना दुसऱ्या कुणाच्या घरी घडल्यासारखं आठवत होतं. कुणीतरी हातातल्या बांगड्या काढल्या, कुणीतरी ओल्या पदरानं कपाळ पुसलं. त्यांना काहीच वाटलं नाही. बाईनं डोळ्यातून टिपूस काढलं नाही, असं शेजारणी आपसात बोलल्या, ते त्यांच्या कानावर आलं आणि त्याचंही त्यांना काही वाटलं नाही. दळण येत होतं, भाजीत मीठ पडत होतं, दिवस जात होते. आत सगळं बधिर होऊन गेलं होतं.

महिन्याभरानं देव्हारा आवरताना ते कार्ड हाताला लागलं. तेलात कालवलेलं कुंकू प्लास्टिकवर वाळून बसलं होतं, सदाशिवरावांच्या नावाला अर्धं झाकून. त्यांनी ते न पुसता होतं तसं मागं सारलं. गजेंद्र शोधायला लागला तेव्हा त्यांना सांगता आलं असतं. पण सांगितलं असतं तर कार्ड ऑफिसात गेलं असतं, आणि परत आलं असतं ते दुसऱ्याचं नाव घेऊन.

गाडी गजेंद्रच्या नावावर चढवायला आईची संमतीची सही हवी होती, म्हणून दोघं वर्ध्याला गेले. आरटीओसमोर टिनाच्या शेडखाली चंद्रभान एजंटाचं लोखंडी टेबल होतं, बाजूलाच झेरॉक्सचं मशीन.

"ओरिजनल द्या," चंद्रभान म्हणाला.

"तेच सापडून नाई राह्यलं भाऊ," गजेंद्र म्हणाला.

"मंग हरवलं म्हणून ठाण्यात तक्रार देऊ, अन् डुप्लिकेट काढू. रोजचंच काम हाये आपलं." त्यानं कोरा कागद ओढला, भराभर लिहिलं आणि वाचून दाखवलं. "सदर वाहनाचे नोंदणी कार्ड मयत सदाशिवराव यांच्याकडून हरवले आहे. घ्या, सही करा काकू."

पेन सुलोचनाबाईंच्या हातात आलं. यांच्याकडून हरवले. त्यांनी ते शब्द पुन्हा वाचले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांना काहीतरी लागलं. राग आला.

"असं नोका लिहू," त्या म्हणाल्या.

"काऊन काकू? निस्तं लिहाचं असते ते."

"त्यायच्या हातून कागद हरवत नव्हता."

त्यांनी पर्स उघडली आणि रुमालात गुंडाळलेलं कार्ड टेबलावर ठेवलं. निघताना ते देव्हाऱ्यातून का उचललं, ते त्यांचं त्यांनाही कळलं नव्हतं.

"आई, तुह्याजवळ होतं? मंग इतके दिवस सांगतलं काऊन नाई?" गजेंद्रचा आवाज चढला. मग त्याला कार्डावरचं कुंकू दिसलं. त्या दसऱ्याला पूजेला तोही बसला होता.

चंद्रभाननं खिशातून फडकं काढलं. "हे पुसा लागते काकू. नाव दिसून नाई राह्यलं."

"थांबा. आधी एक झेरॉक्स काढा."

"पुसल्यावर काढू ना, साफ येईन."

"आधीच काढा."

त्यानं गजेंद्रकडं पाहिलं. गजेंद्रनं मान हलवली. मशीनचा उजेड काचेखालून सरकला आणि कागद बाहेर आला. कुंकू काळं उमटलं होतं. नावाची पुढची अक्षरं त्याखाली गेली होती, मागची तेवढी वाचता येत होती.

"खराब आली," चंद्रभान म्हणाला. "दुसरी देतो."

"हेच पायजे."

त्यानं फडकं ओलं केलं आणि कार्ड पुसायला घेतलं. सुलोचनाबाई पाहत राहिल्या. फडक्याला लाल डाग पडला आणि कार्डावर नाव स्वच्छ दिसू लागलं.

"दे आई," गजेंद्रनं हात पुढं केला. "गाडीत ठेवतो ते झेरॉक्स."

"गाडीत दुसरी ठेव," त्या म्हणाल्या. "हे घरात राहीन."

मशीनमधून निघालेला कागद अजून गरम होता. त्यांनी त्याची घडी घातली नाही, दोन्ही तळहातांवर तसाच धरून ठेवला.