चार तासांतली बिस्किटं

ती कवळ्या बनवायची. दातांच्या दवाखान्यामागे एक अरुंद खोली, खिडकीखाली टेबल आणि टेबलावर मेण, प्लास्टर, परक्यांचे जबडे. दिवसभर मान खाली. एकेचाळिसाव्या वर्षी मान आणि कंबर दोघी मिळून कुरकुरायला लागल्या, तेव्हा धाकट्या दिराने तिला सायकलवर बसवलं. नवऱ्याला आधी विचारून झालं होतं. "माझे गुडघे मला अजून लागणार आहेत," म्हणून त्याने हात वर केले होते. भावजी मात्र महिनाभर सीट धरून तिच्यामागे धावले. तिने दोनदा त्यांच्या पायावरून चाक नेलं, तरी त्यांनी तोंडातून ब्र काढला नाही.

भावजी लिफ्ट दुरुस्त करायचे. वय एक्कावन्न. रविवारी पहाटे निघणाऱ्या सात जणांच्या टोळक्यात सगळे त्यांना 'मोटर' म्हणत, कारण सत्तर किलोमीटर झाले तरी त्यांना धाप लागलेली कुणी पाहिली नव्हती. ती पाच वर्षांनंतरही शेवटून पहिलीच होती, पण त्याने तिचं काही अडत नव्हतं.

सायकलच्या दुकानात एक कागद लागला होता. विद्यापीठातल्या एका संशोधक बाईंना बारा हौशी सायकलवाले हवे होते, शर्यतीतले नकोत. दमून गेल्यावर शरीर पुन्हा कसं भरून येतं ते त्यांना बघायचं होतं. भावजींनी तिथल्या तिथे दोघांची नावं दिली.

पस्तिशीच्या त्या बाईंनी सगळं नीट समजावलं. सकाळी उपाशीपोटी यायचं. जागेवरची सायकल पायांतला जोर संपेस्तोवर चालवायची. मग चार तास विश्रांती. दर अर्ध्या तासाला एक बाटली प्यायची, बोटातून रक्ताचा एक थेंब द्यायचा. चार तासांनी पुन्हा सायकल, आणि या वेळी जमेल तितका वेळ. आठवड्याने परत हेच सगळं, फक्त बाटलीतलं पेय वेगळं. एकदा साखरेचं, एकदा नुसतं गोड चवीचं.

"कोणतं कधी, ते मलाही ठाऊक नसतं," बाई म्हणाल्या. "पेय दुसरं माणूस तयार करतं, रक्तही शेवटी एकदमच तपासायचं. एकच विनंती आहे. त्या चार तासांत दुसरं काही खाऊ नका."

पहिल्या वेळी दुपारच्या फेरीत ती बावन्न मिनिटं टिकली आणि भावजी एकसष्ट. बायकोच्या हातचं जेवून उठावं तसे ते सायकलवरून उतरले.

दुसऱ्या आठवड्याला गोष्ट निराळी झाली. दुसरा तास संपता संपता तिला थंडी वाजायला लागली. पोटात कावळे ओरडत होते, बाईंच्या पेनाच्या टकटकीचाही राग येत होता. समोरच्या गादीवर भावजी भिंतीकडे तोंड करून पडले होते. थोड्या वेळाने ते जाकीट घालून बाहेर गेले. पाय मोकळे करायला तीही उठली, लांबलचक व्हरांडा ओलांडून जिन्यापाशी पोचली, आणि पाहते तर खिडकीजवळ भावजी बिस्किटं खात होते. पुडा अर्धा संपला होता. मिशीत चुरा होता.

"वहिनी," ते म्हणाले, "तुम्ही काही पाहिलं नाही."

"पाहिलं ना."

"अहो, चार बिस्किटांनी काय आभाळ कोसळतंय? आजची बाटली खोटी आहे, कळतंय मला. पोटात काही पडल्यासारखंच वाटत नाही."

ती खोलीत परतली. त्या दुपारी एकोणतिसाव्या मिनिटाला तिचे पाय थांबले. मनाने ठरवून नाही; पायांनीच ठरवलं. भावजी छप्पन्न मिनिटांपर्यंत गेले. बाईंनी दोन्ही आकडे वहीत उतरवले आणि दोघांचे मनापासून आभार मानले. ते आभारच तिला जास्त टोचले.

दोन दिवस तिने विचार केला. बाईंना फोन लावणं सोपं होतं. पण ज्या माणसाने सीट धरून सायकल शिकवली, त्याची चहाडी करायची कशी? आणि गप्प बसायचं तरी कसं? शेवटी जेवणाच्या सुट्टीत ती भावजी काम करत होते त्या इमारतीत गेली. लिफ्ट बंदच, त्यामुळे सात मजले चढून. गच्चीवरच्या यंत्रांच्या खोलीत ते ग्रीसने माखलेल्या हातांनी तारा तपासत होते.

"भावजी, तुम्ही त्या बाईंना सांगा."

ते वळलेसुद्धा नाहीत. "एवढ्यासाठी सात मजले चढलात?"

"हो. माझ्या कामातलं सांगते. माप घेताना पेशंटने जबडा हलवला आणि मला सांगितलंच नाही, तर मी कवळी अगदी चोख बनवते, पण चुकीच्या मापावर. माझ्या हाती ती सुरेखच दिसते. हिरडी त्या बिचाऱ्याची सोलून निघते. बाई तुमचे छप्पन्न खरे धरून चालल्यात. बारा माणसांत एक खोटं म्हणजे थोडं नाही."

"मी तुम्हाला सायकल शिकवली, वहिनी."

"म्हणून तर आधी तुमच्याकडे आले. बाईंकडे नाही गेले."

भावजींनी पाना खाली ठेवला. बराच वेळ हात पुसत राहिले. ग्रीस काही निघत नव्हतं.

"गेले तीन महिने मी चढावर मागे पडतोय," ते म्हणाले. "कुणाच्या लक्षात आलेलं नाही. चेन सैल झाली म्हणून थांबतो, फोन आला म्हणून थांबतो. त्या खोलीत मात्र घड्याळ लावलेलं. तुमच्यासमोर मी पंचवीस मिनिटांत उतरलो असतो, तर…" त्यांनी वाक्य तिथेच सोडलं. मग एकदम आवाज चढवून म्हणाले, "आता जा तुम्ही. मला काम आहे."

ती गेली. त्या रविवारी भावजी आले नाहीत. सर्दी झाली म्हणे. सर्दी कसली ते तिला ठाऊक होतं. मनातून तिने संबंध तुटण्याची तयारीही केली. मंगळवारी सकाळी मेण तापवत असताना त्यांचा फोन आला.

"सांगितलं," ते म्हणाले. नमस्कार-चमत्कार काही नाही.

"मग?"

"ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, तो दिवस बाद, जमलं तर पुन्हा करू. बाटली तीच. येत्या शनिवारी." थोडं थांबून, "तुम्ही याल का सोबत? नुसत्या बसा. आणि माझं जाकीट तुमच्याकडे ठेवा."

ती गेली. चार तास खुर्चीवर बसून तिने एक जाडं मासिक दोनदा वाचलं. त्यांच्यादेखत खाणं बरं नव्हे म्हणून स्वतःही काही खाल्लं नाही. भावजी चिडले, कुडकुडले, एकदा तिला "पानं किती जोरात उलटताय" म्हणाले. दुपारी सायकलवर बसले ते दात-ओठ खात. चोविसाव्या मिनिटाला पॅडल थांबलं. त्यांनी हँडलवर डोकं टेकवलं आणि तसेच राहिले. ती उठली नाही; बघितलं नाही असं दाखवणंही तिला खोटं वाटलं असतं. ती फक्त बसून राहिली.

बाईंनी पाणी दिलं. मग सहज विचारलं, "एरवी फेरी मारून आल्यावर तुम्ही काय खाता?"

"काही नाही. थेट रात्रीचं जेवण. पोट सुटायला लागलं म्हणून तीन महिन्यांपासून बंद केलंय. भात, ब्रेड, बटाटा, सगळंच."

"आणि फेऱ्या आठवड्यातून किती?"

"तीन."

बाईंनी पेन खाली ठेवलं. स्नायूंत साखरेचा साठा असतो, तो चढावर झपाट्याने संपतो, आणि खाल्ल्याशिवाय तो भरून येत नाही, एवढंच त्या म्हणाल्या. "तुमच्या बाबतीत हेच कारण आहे असं मी एका माणसावरून म्हणणार नाही. वयाचाही वाटा असेल. पण महिनाभर फेरीनंतर तासाभरात पोटभर खाऊन तर बघा."

"म्हणजे मी उपाशी होतो," भावजी म्हणाले. "म्हातारा नव्हे."

"दोन्ही असू शकतं," ती म्हणाली, आणि पंधरा दिवसांत पहिल्यांदा भावजी हसले.

समोरच्या खानावळीत त्यांनी उकडलेले बटाटे, ब्रेड आणि दोन केळी मागवली. पहिला बटाटा त्यांनी न सोलताच खाल्ला. तीही हात राखून जेवली नाही.

महिनाभर तसं खाल्ल्यावर ते चढावर पुन्हा पुढे गेले; पूर्वीइतके नाही, पण चेनवर खापर फोडण्याची वेळ आली नाही. चार महिन्यांनी बाईंचं पत्र आलं. बारापैकी अकरा जण साखरेच्या पेयानंतर जास्त वेळ टिकले होते, एकाला काहीच फरक पडला नव्हता. नावं नव्हती. रविवारच्या विसाव्याला भावजींनी ते पत्र सगळ्या टोळक्यासमोर मोठ्याने वाचलं, आणि कुणी विचारलं नव्हतं तरी बिस्किटांची हकीकतही सांगून टाकली.