रेणापूरचा क्रोएशिया पॅटर्न

रेणापूरच्या बसस्टँडसमोर एका गोऱ्यागोमट्या, कुरळ्या केसांच्या पोराचा भलाथोरला फ्लेक्स लागला होता. 'लॅटिन, गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र – चारही विषयांत प्रथम! क्रोएशियाचे सुपुत्र चि. लुका यांचे हार्दिक अभिनंदन. शुभेच्छुक : मुख्याध्यापक व समस्त कर्मचारीवृंद.' त्या वृंदात मीही येते, म्हणून आधीच सांगून टाकते, मजकूर माझा नव्हता. मी इंग्रजी शिकवते आणि मला कुणी विचारलंही नव्हतं.

झालं असं, की क्रोएशियातल्या एका सरकारी माध्यमिक शाळेशी आमच्या शाळेची ऑनलाइन मैत्री जुळली. त्यांनी आधी आपला इतिहास पाठवला. शाळा तीनशे वर्षांची, पाद्रींनी काढलेली. शिकवणं आधी लॅटिनमधून, मग जर्मनमधून, मग त्यांच्या भाषेतून. इमारत तीच राहिली, पण ऑस्ट्रियाचा बादशहा गेला, युगोस्लाव्हिया आला, तोही गेला. युद्धात वर्ग तळघरात भरले. लॅटिन मात्र अजून सक्तीचं.

वाचून आमचे मुख्याध्यापक रेणुकादास सर कासावीस झाले. "मॅडम, आपली तर सेहेचाळीस सालची. काय पाठवायचं?"

मी म्हटलं, "सर, आपणही जागचे हललो नाही. निजाम गेला, हैदराबाद राज्य आलं, मग मुंबई राज्य, मग महाराष्ट्र. उर्दूतून शिकवता शिकवता मराठीवर आलो. काय कमी आहे?"

सर इतके खूश झाले, की त्यांनी स्टाफसाठी स्वतःच्या खिशातून भजी मागवली. सव्वीस वर्षांच्या नोकरीत हे मी पहिल्यांदा पाहिलं.

मग मुलांच्या जोड्या लावायच्या होत्या. दोन्हीकडून नावापुढं नंबर टाकून याद्या गेल्या. त्यांच्या यादीत विषयवार एक ते पाच, आमच्या नववीच्या यादीत एक ते चोपन्न. सरांनी एक नंबरवाल्याशी एक नंबरवाला जोडला. लातूर जिल्ह्यात एक नंबर म्हणजे काय, हे शेंबड्या पोरालाही कळतं. त्यामुळे आमचा पहिला नंबर, अनय, लुकाच्या वाट्याला आला आणि शेवटची उमैमा पाच नंबरच्या मिर्नाच्या गळ्यात पडली.

अनयचे वडील लातूरला क्लास चालवतात. त्यांनी पोराला बजावलं, "त्याला इचार, अभ्यास कसा करतो." लुका म्हणाला, दुपारी झोपतो, मग बास्केटबॉल खेळतो. पुढच्या सोमवारपासून वडिलांच्या क्लासमध्ये दुपारी दोन ते तीन सतरंज्या अंथरल्या गेल्या. त्याला ते क्रोएशिया पॅटर्न म्हणायला लागले. सत्तर मुलं ओळीनं घोरायची आणि पालक काचेतून कौतुकानं बघायचे. फ्लेक्सही त्यांच्याच आग्रहाचा.

या सगळ्या धिंगाण्यात माझा जीव मात्र उमैमात अडकला होता. नजीरभाई टेलरची ही मुलगी. गणितात कच्ची, बाकी चुणचुणीत. आमच्या शाळेचा दहावीचा निकाल नऊ वर्षं शंभर टक्के आहे आणि तो कसा लागतो हेही सांगते. नववीत जो गटांगळ्या खातो, त्याला सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावतात. म्हणजे परीक्षा दे, पण बाहेरून. शाळेच्या निकालाला तुझा विटाळ नको. मला याची भयंकर चीड आहे. सरांनी उमैमाला सांगून ठेवलं होतं, वार्षिकला गणितात पास झाली तर शाळेत, नाहीतर सतरा नंबर.

दर गुरुवारी चार वाजता ती कॉम्प्युटरच्या खोलीत मिर्नाशी बोलायची. तिकडे तेव्हा सकाळ असायची. मी कोपऱ्यात वह्या तपासत बसायचे. उमैमाचं इंग्रजी मोडकंतोडकं, पण आवाज खणखणीत. मिर्नानं बीजगणिताचा प्रश्न काढला, की ही बिनधास्त म्हणायची, मला येत नाही. मग दोघी मिळून सोडवायच्या.

"शरम न्हाई वाटत?" मी एकदा गमतीनं विचारलं.

"कसली शरम, मॅडम? ती बी माझ्यासारखीच हाय की. पाच नंबर!"

बदल्यात तिनं मिर्नाला दीडकी शिकवली. एक दीड दीड, दोन दीड तीन. ही नजीरभाईंनी कापड मोजता मोजता तिच्याकडून पाठ करून घेतलेली. मिर्ना ती गाण्यासारखी म्हणायची. उमैमाला काही येत नाही, हे तिला खरंच वाटत नव्हतं. आपली परीक्षा घ्यायला ही मुद्दाम वेड पांघरते, असा तिचा समज होता.

का, ते मार्चमध्ये कळलं. स्नेहसंमेलनाला पडद्यावर त्यांची शाळा आणि मांडवात आमचं अर्धं गाव. सरांनी अभिमानानं फ्लेक्सचा फोटो दाखवला. मी भाषांतर केलं. तिकडच्या बाईंनी आधी चष्मा पुसला, मग त्यांना जे हसू फुटलं ते थांबेचना. ते क्रमांक नव्हतेच, गुण होते; त्यांच्याकडे पाच म्हणजे सर्वोत्तम आणि एक म्हणजे नापास. लुका चार विषयांत नापास होता. तो मात्र खुर्चीवर उभा राहून नाचला आणि म्हणाला, फोटो आईला दाखवतो. मांडवात कोण कुणावर हसतंय तेच कळेना. अनयचे वडील तेवढे चप्पल शोधत होते. सर म्हणाले, "आता आपल्या नंबराचं बी सांगा त्यांना," आणि तेवढ्यात लाइट गेली.

म्हणजे मिर्ना त्यांची सगळ्यात हुशार मुलगी होती. आणि मोठा आकडा म्हणजे मोठी हुशारी, या हिशेबानं आमची चोपन्न नंबरवाली तिच्या लेखी महापंडित होती. मला हसून हसून ठसका लागला. उमैमा हसली नाही.

पुढच्या गुरुवारी ती आलीच नाही. परीक्षा पंधरा दिवसांवर. मी तिला नजीरभाईंच्या दुकानातून हाताला धरून आणली.

"मी न्हाई बोलणार, मॅडम. ती एवढी हुशार, अन् मला मोठी समजून राहिली. कळलं तर थुंकंल."

"मग गणित कोण शिकवेल? मी? मला स्वतःला पस्तीस होते!" मी खेकसले. खरंच होते.

ती पडद्यासमोर बसली. मिर्ना आली आणि आल्याआल्या दीडकी सुरू केली. उमैमानं तिला थांबवलं. तळहात मांडीवर घट्ट दाबून, शब्द जुळवत म्हणाली, "मिर्ना, फिफ्टी-फोर इज लास्ट. आय अॅम लास्ट. एक्झाम कमिंग. प्लीज टीच."

पलीकडे मिर्नानं केस वर बांधले आणि म्हणाली, वही दाखव. पहिल्या पानापासून.

त्या दिवसापासून रोज. नजीरभाई टिफिन शाळेत आणून द्यायचे आणि दारात उभे राहून दोघींचं ऐकायचे.

निकालाच्या दिवशी सरांनी उमैमाला ऑफिसात बोलावलं. गणितात त्रेचाळीस. सरांनी बेरीज दोनदा तपासली. मग त्यांनी विचारलं, "खरं सांग, कसं काय जमलं?"

"आधी मी तिला खरं सांगितलं, सर," उमैमा म्हणाली. "मंग शिकायला लई सोपं गेलं."

दहावीच्या हजेरीपटावर सरांनी तिचं नाव स्वतःच्या हातानं लिहिलं, आणि मी स्टाफरूममध्ये जाऊन पोटभर रडले.