बिल्ल्याची लाल बाजू

थांबा पहिला : फळा

"ग्ल्युक आउफ, मंडळी! खाणवाल्यांचा नमस्कार असाच असतो. हेड्विग खाणीत तुमचं स्वागत. हा आमचा फळा. ज्याला जो नंबर मिळालाय त्यानं तो बिल्ला उलटा करायचा. पांढरी बाजू म्हणजे माणूस वर. लाल बाजू म्हणजे माणूस खाली. बाहेर आलात की पुन्हा पांढरी. आणि एक नियम, खाण चालू होती तेव्हापासूनचा. आपला बिल्ला आपणच उलटायचा. दुसऱ्याच्या बिल्ल्याला हात लावायचा नाही. बायकोच्यासुद्धा."

इथे लोक हसतात. खाण दाखवणारी गेझिने तेवढ्यापुरती थांबते.

आज सगळ्यात मोठ्यानं हसला तो एकार्ट थीलेके, या खाणीचा जुना मुकादम. हार्त्सचे डोंगर सोडून तो कधीच लेकीकडे शहरात राहायला गेला होता. आज त्याच्या पाळीतले म्हातारे फिरायला निघाले होते. सकाळी तलावांच्या कडेनं चाल, मग खाण, मग वाटाण्याचं सूप, मग तारेवरच्या खुर्चीच्या पाळण्यातून सुळक्यावर. एकार्टच्या टोपीला पीस होतं, आणि हातातल्या काठीवर चढलेल्या प्रत्येक डोंगराच्या नावाची पत्र्याची पाटी ठोकलेली होती. काठीचं लाकूड दिसतच नव्हतं.

"विनफ्रीडची पोर ना तू?" त्यानं दोन बोटं तिच्या गालाला लावली. "डोळे तेच. वाईट झालं गं बापाचं. माणूस सोन्यासारखा, पण ती बाटली..."

"बाबा कामावर पीत नव्हते."

"प्रत्येक मुलगी असंच म्हणते. काय कुनो?"

त्याच्याच पाळीतला कुनो खाली वाकून बुटाची नाडी बांधत होता. ती आधीच बांधलेली होती.

एकार्टनं सात नंबरचा बिल्ला टिचकीनं उलटा केला. लाल.

थांबा दुसरा : गाडी

"डोकं आत, हात आत. या बोगद्यातून चांदी निघायची, शिसं निघायचं, जस्त निघायचं. छतातून पाणी ठिबकेल, घाबरू नका, ते बाराही महिने ठिबकतं. उजवीकडे पंपाचा लोखंडी पाइप दिसतोय तो..."

पाइपाबद्दल ती याहून जास्त पाहुण्यांना कधी काही सांगत नाही.

बाबा गेले तेव्हा गेझिने लहान होती. तो शुक्रवार होता आणि गावात नेमबाजीची जत्रा होती. बाबा पाळी संपता संपता आडबोगद्यातला पंप बघायला गेले आणि छताचा तुकडा त्यांच्या पायांवर आला. वर फळ्यावर एकच बिल्ला लाल राहिला, बाबांचा, सात नंबरचा. तो पांढरा झाल्याशिवाय कोणाला घरी जाता येत नव्हतं, आणि खाली गावात बँड सुरू झाला होता. त्या वर्षी जत्रेत नेमबाजांच्या राजाचा मान एकार्टला मिळणार होता.

मग बिल्ला पांढरा झाला.

संध्याकाळी आई इस्त्री केलेला सदरा हातावर घेऊन फाटकाशी गेली. छोटी गेझिने बरोबर होती, तिला जत्रेतल्या पाळण्यात बसायचं होतं. पहारेकरी म्हणाला, "फळा बघा, बाई. पांढरा आहे. आला असेल, गेला असेल कुठे जत्रेत."

सोमवारी बाबा सापडले. मुठीत पाना होता. हात पोचेल तिथपर्यंत पाइपावर पोचेच पोचे.

चौकशीत एकार्टनं शपथेवर सांगितलं: दुसऱ्याचा बिल्ला कोणी उलटत नाही, उलटू शकत नाही. विनफ्रीडनं स्वतःच उलटला असणार आणि तो पांढराच ठेवून, बाटली घेऊन पुन्हा खाली उतरला असणार. सगळ्यांनी ते मानलं. बिल्ल्याचा नियम मोडणाऱ्याला खाणवाले खांदा देत नाहीत. खाणवाल्यांचा काळा कोट आणि पिसाची टोपी घातलेला एकही माणूस स्मशानात आला नाही. मामांनी शवपेटी उचलली, आणि वळणावर ती एका बाजूला कलली.

एकार्टचा जीव गेझिनेला नको होता. तिला त्याच्या तोंडून एक वाक्य हवं होतं, आणि ते ऐकायला त्याच्या पाळीतले हे सगळे म्हातारे हवे होते.

थांबा चौथा : यंत्रघर

(तिसरा मुद्दामच मागे ठेवलाय. गाडी तिथूनच गेली, पण हे सांगायचं ते मागूनच.)

"हे चाक पाण्यावर फिरायचं. आत्ता फिरवून दाखवते. कानावर हात ठेवा!"

चाक फिरलं, आवाजानं छाती दणाणली. एक जण कमी आहे हे त्या गडबडीत कोणाच्या लक्षात आलं नाही.

थांबा तिसरा : पत्रकात नसलेला

आडबोगद्याच्या तोंडाला जाळीचं दार आहे. गाडी हळू झाली तेव्हा एकार्ट स्वतःच म्हणाला होता, "ते अजून आहे का गं?"

"आहे. पण पाहुण्यांना बंद असतं."

"मी पाहुणा?"

"तेच म्हणते," गेझिने आवाज खाली आणून म्हणाली. "सगळ्यांना नाही नेता येत. तुम्ही मुकादम, तुमची गोष्ट वेगळी. जाऊन या एकटे. मी पुढचं आटपून येते."

तो फुशारला. काठी काखेत मारून, हेल्मेटचा दिवा लावून आत गेला. हवा चांगली होती, छताला आता लोखंडी कमानी होत्या, दिव्याला संध्याकाळपर्यंत मरण नव्हतं. हे सगळं तिनं सकाळीच येऊन बघून ठेवलं होतं. आपली नोकरी जाणार हेही तिनं मनाशी बघून ठेवलं होतं.

तिनं दार लोटलं. कुलूप नवीन होतं, आवाज झालाच नाही.

थांबा पाचवा : वर

उजेडात येऊन म्हाताऱ्यांनी डोळे चोळले, एकेकानं आपापला बिल्ला पांढरा केला आणि सगळे बागेकडे सुटले. शेवटी गेझिने फळ्यासमोर एकटी उरली. सात नंबर लाल होता.

तिनं तो उलटा केला.

इतकंच होतं तर. माशी हाकलण्याइतकं सोपं. या एवढ्याशा कामाला त्या दिवशी त्याचा हात थरथरला तरी असेल का, असं तिला इतकी वर्षं वाटायचं. आता कळलं. नसेल थरथरला.

कुनो अर्ध्या वाटेतून परत आला. "एकार्ट कुठाय गं?"

"फळा बघा," गेझिने म्हणाली.

कुनोनं बघितलं. "पांढरा आहे. म्हणजे गेला वाटतं पुढे, पाळण्याकडे. त्याला पहिलाच नंबर लागतो." आणि तो सूप प्यायला गेला.

गेझिनेही बसली. बऱ्याच वर्षांत जेवली नव्हती तशी जेवली. सूप, दोन सॉसेज, वर मोहरी.

थांबा तिसरा, पुन्हा

दुपारच्या गटात पोरंबाळं होती. गाडी हळू झाली आणि पाइप वाजायला लागला. ठण. ठण ठण.

"भूत आहे?" एका मुलीनं विचारलं.

"नाही. मुकादम आहे."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. खेळातलाच भाग वाटला त्यांना.

दार उघडताच एकार्ट बाहेर कोसळला. पीस मोडलं होतं. ठोकून ठोकून काठीवरच्या निम्म्या पाट्या गळल्या होत्या.

"डोकं फिरलं का तुझं, बये? मेलो असतो मी!"

"तुम्ही खालीच होतात?" गेझिने गोड आवाजात म्हणाली. "पण फळ्यावर तुमचा बिल्ला पांढरा आहे, मुकादम. मला वाटलं, तुम्ही स्वतःच उलटलात."

तो गाडीत पोरांच्या मधे बसला, गुडघे हनुवटीला लावून.

बाग

तिथे त्याला तोंड फुटलं. टेबलाशी उभा राहून, सगळी बाग ऐकेल असं.

"खाली कोंडलं मला! आणि तुम्ही इथे ढोसताय? कोणाला विचारावंसं नाही वाटलं?"

"अरे, फळा पांढरा होता," कुनो म्हणाला. "मी स्वतः बघितला."

"फळा गेला खड्ड्यात! मी हात लावला नाही बिल्ल्याला! दुसऱ्या कोणीतरी उलटला!"

चमचे थांबले.

टेबलाच्या टोकाला बसलेल्या लोथारला कमी ऐकू येतं. यंत्रघरानं त्याचे कान खाल्लेत. "काय म्हणाला? काय म्हणाला तो?"

कुनो उठला. वळून लोथारच्या कानाशी वाकला आणि ओरडला, "म्हणतोय, बिल्ला दुसऱ्याला उलटता येतो!"

"असं कसं?" लोथारही तसाच ओरडून म्हणाला. "शपथेवर उलटं बोलला होता की! विनफ्रीडच्या वेळी!"

आता एकार्टला कळलं. त्यानं गेझिनेकडे बघितलं. ती टेबलावरच्या बशा गोळा करत होती.

"ते वेगळं होतं," तो म्हणाला.

"काय वेगळं?" कुनोनं विचारलं.

"अरे, तुम्हीच सगळे खोळंबला होता! बँड वाजत होता, तूच म्हणत होतास, चला, चला. मला वाटलं, तो वरच्या वाटेनं घरी गेला असेल, बिल्ला विसरला असेल. कोणीही तेच केलं..."

पुढचा शब्द त्यानं गिळला, पण उशीर झाला होता.

म्हातारे एकेक करून उठले. अर्धे ग्लास तसेच टाकून, टोप्या घेऊन, ते फाटकाकडे चालू लागले. लोथारनं जाता जाता एकार्टची काठी बाकाला टेकवलेली होती ती आडवी पाडली. चुकून असेल.

कुनो गेझिनेपाशी थांबला. "रविवारी येतो आम्ही, पोरी. थडग्यावर. काळे कोट घालून, सगळे."

"या," ती म्हणाली. "आणि कुनोकाका, त्या दिवशीही फळा तुम्ही बघितला होतात ना?"

त्याची मान खाली गेली. तिला ते बरं वाटलं. आईला बघायला मिळायला हवं होतं.

एकार्ट बाकावर एकटाच बसून राहिला. पुढे एक बस आली तेव्हा तो मागचं दार शोधून चढला.

थांबा पहिला : फळा

शेवटच्या गटाआधी गेझिने फळ्यापाशी गेली आणि सात नंबरचा बिल्ला उलटा केला. मग खिळ्याचं टोक हातोडीनं वाकवलं, घट्ट, की तो पुन्हा कोणाला फिरवता येऊ नये.

गटातल्या एका बाईचं लक्ष गेलं. "अहो, सात नंबर लाल आहे. कोणी आत राहिलंय का?"

"हो," गेझिने म्हणाली. "चला, हेल्मेट घाला. ग्ल्युक आउफ, मंडळी!"