मागच्या ब्रेकवरची सही

हेडक्लार्कसाहेबांची गाडी गेला महिनाभर ब्रेक दाबला की किंचाळत होती, आणि बहुतेक लोक करतात तोच उपाय त्यांनीही केला होता: रेडिओचा आवाज वाढवला होता. पण आज संध्याकाळी लेक तान्ह्या बाळाला घेऊन स्टेशनवर उतरणार होती. गॅरेजवाल्याने चार दिवसांनंतरची वेळ दिलेली. नातवाला या गाडीत बसवायचं कसं, या काळजीने साहेबांना सकाळचा चहा गोड लागेना. शेवटी त्यांनी मागच्या चाकांचे नवे पॅड विकत आणले आणि अंगणातच काम काढलं.

साहेबांची बायको पंचवीस वर्षं शिलाई मशिनं दुरुस्त करत होती. त्या धंद्याला साहेब "हिचं आपलं काहीतरी चाललेलं असतं" एवढंच म्हणत.

पुढच्या चाकांना विटा लावल्या, हँडब्रेक सोडला, गाडी जॅकवर चढवली. शेजारच्या निवृत्त बसड्रायव्हर काकांकडून लोखंडी स्टँड आणून खाली लावले. जुना पॅड हातात आला, तर त्यावरचा थर नखाएवढा उरला होता. आता नव्या जाड पॅडला जागा हवी, म्हणून त्याला मागून ढकलणारी लोखंडी वाटी आत सारायची होती. साहेबांनी शिकंजा लावून जोर केला. तोंड लालबुंद झालं, वाटी जागची हलली नाही.

"गंजलीय," साहेबांनी निकाल दिला.

बायको चाकापाशी वाकली. "अहो, थांबा जरा. हिच्या तोंडावर दोन खाचा आहेत बघा. खाचा काही कोणी शोभेला पाडत नाही. ही दाबून जायची नाही, फिरवून जाईल."

तिने टोकदार पक्कड खाचांत बसवली आणि सावकाश फिरवली. वाटी मुकाट्याने आत गेली. पुढचं सगळं तिनेच केलं, दुसरं चाकही. साहेबांनी टॉर्च धरली.

चाकं बसली आणि गाडी खाली आली, तेवढ्यात स्टँड न्यायला काका आले. "वा साहेब! ऑफिसात बसून हे कधी शिकलात?"

साहेब उठून उभे राहिले. सकाळपासून काम चाललेलं, पण त्यांच्या शर्टावर एक डाग नव्हता. "शिकायचं काय त्यात, डोकं चालवलं की जमतं. हिनेही थोडी मदत केली."

बायकोच्या हातातली पक्कड थांबली. "मी हात धुऊन येते. तोवर गाडीला हात लावू नका," एवढं बोलून ती आत गेली.

पण काकांसमोर साहेबांना दम कुठला निघतोय! विटा काढल्या, गाडी सुरू केली. "गेटपर्यंत नेऊन दाखवतो." सपाट जागा संपली, उतार लागला, साहेबांनी ब्रेक दाबला, आणि पेडल थेट तळाला गेलं. समोर बंद गेट.

"पाय उचला! परत दाबा! परत!" साबणाच्या हातांनी ती धावत आली. तिसऱ्या दाबाला पेडल घट्ट झालं. गाडी गेटपासून वीतभर अंतरावर थांबली.

साहेब हँडब्रेक ओढून खाली उतरले. "झालं काय हे?"

"वाटी आत सारली की ती पुन्हा पॅडला टेकून पेडल घट्ट होईपर्यंत ते मारावं लागतं. तेवढंच राहिलं होतं. ज्याने काम केलं त्याला ते ठाऊक होतं."

काकांनी गेटला पाठ टेकली. "साहेब, आमच्या डेपोत दुरुस्तीची वही असायची. गाडी बाहेर काढण्यापूर्वी मी सही बघायचो. ज्याने पाना फिरवला, त्याचीच सही लागायची. त्याला मोठेपणा मिळावा म्हणून नव्हे हो. काय केलं, काय राहिलं, हे कोणाला विचारायचं ते कळावं म्हणून. चुकीच्या नावावर माणूस भरवसा ठेवतो आणि जिवाला मुकतो. आज तुम्ही वहिनींच्या कामावर स्वतःची सही ठोकलीत."

गेल्याच वर्षी ऑफिसात साहेबांच्या मसुद्यावर वरिष्ठांनी स्वतःची सही केली, तेव्हा त्यांना दोन दिवस अन्न गोड लागलं नव्हतं. ते रडगाणं ऐकून घेतलं होतं ते हिनेच. साहेबांना स्वतःची लाज वाटली.

त्यांनी गाडीतली सर्व्हिसची वही काढली, आपल्या वळणदार अक्षरात 'मागचे ब्रेक पॅड बदलले' असं लिहिलं आणि पेन बायकोपुढे धरलं. "सही तुझी."

तिने आधी पेडल, मग हँडब्रेक तपासला, गाडी दोनदा उतारावरून नेऊन थांबवली, आणि मगच सही केली.

संध्याकाळी स्टेशनवरून निघताना लेकीने विचारलं, "बाबा, गाडी ओरडायची थांबली?"

"तुझ्या आईने ब्रेक बसवले," साहेब अभिमानाने म्हणाले. "मी मदत केली."

"टॉर्च धरली," आई म्हणाली. "तीही माझ्या डोळ्यांवर."

वाचकहो, आपल्याही घराघरांत 'मदत' या छोट्याशा शब्दाखाली कोणाचं तरी अख्खं काम झाकलेलं असतं. तो शब्द उचलून बघा, आणि ज्याचं काम त्याचं नाव चारचौघांत घ्या.

पुढे सिग्नल लागला. साहेबांनी ब्रेक दाबला, गाडी आवाज न करता थांबली. बाळाची झोप मोडली नाही. साहेबांचा ऊर भरून आला, आणि त्या कामात आपला हात नव्हता याचं त्यांना जराही वाईट वाटलं नाही.