पाटकऱ्याचे वावर

“मॅडम, नाना अजून ऑनलाइन दिसत नाहीत. आज पाणी कोण वाटणार?” हिनाने विचारले.

देवपूरच्या घरी सारिका लॅपटॉपसमोर बसली होती. पडद्यावर पाट होता, पाटाला लागून विद्यार्थ्यांची वावरे, म्हणजे शेतांचे चौकोन, आणि अगदी टोकाला नाव: ‘झुलाल नाना, पाटकरी’. पाणीवाटपाचा हा खेळ तिनेच कॉलेजसाठी रचलेला. कोणी वरचा शेतकरी, कोणी खालचा, कोणी नगरपालिका. भांडायचे आणि भांडत भांडत मार्ग काढायचा. पाळीपाळीने पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याचे काम तिने वडिलांना दिले होते. पांझरा नदीच्या पाटावर जन्मभर त्यांनी तेच केले होते. गावाहून मोबाइलवर ते ऐटीत हजर होत.

तेरावे उरकून ती नुकतीच पुन्हा शिकवू लागली होती. मुलांना काही सांगितले नव्हते. ते नाव काढायला बसली होती, पण हात चालला नव्हता.

“आज तुम्हीच वाटा,” ती म्हणाली.

“मग आधी माझं!” पाटाच्या तोंडाशी वावर असलेला अखिल ओरडला.

“गप रे! नाना काय म्हणतात? ‘तुले काय घाई शे? आधी शेवटनाले भेटू दे.’” हिनाने हुबेहूब नक्कल केली. सगळे हसले. सारिकाने कॅमेरा बंद केला.

पाटकऱ्याचे स्वतःचे वावर सगळ्यांच्या मागून. नानांची पाळी येईतो पाणी संपे आणि त्यांचा चौकोन पिवळा पडे. “नाना, तुमचं सुकलं!” मुले चिडवत. “सुकू दे. बठ्ठासले भेटनं ना?” सगळ्यांना मिळाले ना, एवढेच ते विचारत.

आज भांडणे बरीच झाली. पण शेवटी हिना आनंदाने म्हणाली, “मॅडम, उरवलं बघा! नानांच्या वावराच्या दारापर्यंत आणलंय. दार ज्याचं त्यानंच उघडायचं ना? उठवा त्यांना. जेवून झोपले असतील.”

सारिकाने कॅमेरा लावला.

“नाना गेले रे. पंधरा दिवस झाले.”

खेळाचा थोडा वेळ उरला होता. मग हिना हळूच म्हणाली, “पाणी मागे वळवता येईल, मॅडम. अखिलचं अर्धंच भिजलंय.”

“नको,” अखिल म्हणाला. “असू दे तिथंच.”

वेळ संपेपर्यंत कोणी उठले नाही. नानांच्या बंद दाराशी निळे पाणी उभे होते.