चाळीसपर्यंत मोजणारा

मी एक जुना प्रोग्राम आहे, अडतीस ओळींचा. आता चाळीस ओळींचा झालोय, आणि त्या वाढलेल्या दोन ओळींचीच ही गोष्ट. मित्रांनो, शिक्षण म्हणाल तर माझं काही फारसं झालेलं नाही. मला चाळीसपर्यंत मोजता येतं, बस. पण चाळीसपर्यंत माझ्यासारखं मोजणारा दुसरा आणून दाखवा, मग बोलू.

मी राहतो एका छापखान्यात. तिथे शाईचा थेंबसुद्धा सापडायचा नाही. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही त्यांची पुस्तकं तिथे निघतात. जाड कागदावर ठिपके उठवायचे, ते बोटांनी वाचायचे. ब्रेल म्हणतात त्याला, तुम्हाला ठाऊक असेलच. एका अक्षराला एक घर. ओळीत चाळीस घरं, पानावर पंचवीस ओळी. एक्केचाळिसाव्या घराला कागदावर जागाच नसते, यंत्राच्या सुया तिथवर पोचत नाहीत. म्हणून यंत्राकडे मजकूर जायच्या आधी कुणीतरी मोजून घ्यावं लागतं. ओळ लांबली तर चाळिसावर तोडायची, उरलेलं खालच्या ओळीत ढकलायचं. हेच माझं काम, आणि हाच माझा जन्मभराचा घोर.

माझ्या आधी हे काम अक्कांकडे होतं. अक्का म्हणजे आमच्या छापखान्याच्या मुद्रितं तपासणाऱ्या. लहानपणीच त्यांची दृष्टी गेली. उजव्या हाताच्या बोटानं वाचतात आणि डाव्या हातानं ओळी मोजत जातात, दोन्ही एकाच वेळी. ओळ मापात आहे का हे बघायला मिस्त्रींनी त्यांना एक पितळी पट्टी करून दिली होती, चाळीस खाचांची. मिस्त्री आधी टाइपरायटर दुरुस्त करायचे. टाइपरायटर संपले, दुकान बंद झालं, मग ते आमच्याकडे ठिपक्यांचं यंत्र सांभाळायला आले. कॉम्प्युटर शिकले ते एका फाटक्या पुस्तकावरून, त्याचीही शेवटची पानं नव्हती. दिवसभर पट्टी चाचपून अक्कांच्या बोटांना घट्टे पडायला लागले तेव्हा मिस्त्रींना राहवेना. ते म्हणाले, ही बोटं वाचायला आहेत, मापं घ्यायला नाहीत. आणि आठ दिवस खटपट करून त्यांनी मला लिहिलं. पट्टी अक्कांच्या खणात गेली. म्हणजे नात्यानं ती पट्टी माझी थोरली बहीण.

पंधरा वर्षं मी राबलो. गोष्टींची पुस्तकं, गणितं, नकाशांच्या टिपा, सगळं माझ्या हाताखालून गेलं. कौतुक फारसं वाट्याला आलं नाही. जे नीट चालतं त्याच्याकडे कोण बघतं? मिस्त्री तेवढे जाता येता कॉम्प्युटरच्या डोक्यावर थाप मारायचे. मग ते थकले, लेकीकडे राहायला गेले, आणि थापही गेली.

एके दिवशी सकाळी आमच्या जुन्या कॉम्प्युटरनं धूर सोडला. लोकांनी खिडक्या उघडल्या, थोडं खोकले, आणि नवा कॉम्प्युटर आणला. त्याच्यात विंडोज. मी ज्या गावात वाढलो त्याचं नाव युनिक्स, कॉम्प्युटर चालवायची ती जुनी पद्धत. तिथली बोली वेगळी, रीतभात वेगळी. पण नव्या जागी आमच्यासारख्यांसाठी एक खोली बांधून देता येते, तिच्यात आमचीच बोली चालते. ती खोली बांधायला एक इंजिनीअरबाई आल्या. कामाला वाघीण, पण बोलताना मान वर करायची सवय नाही. त्यांनी मला जुन्या डबड्यातून उचललं आणि नव्या खोलीत बसवलं. त्या क्षणापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

पहिल्याच दिवशी मी तोंडावर आपटलो. मॅनेजरसाहेबांनी फोल्डरला नाव दिलं होतं 'नवीन काम', दोन शब्दांत फट ठेवून. आमच्या गावात नावात फट ठेवत नाहीत. मी आधी 'नवीन' शोधायला निघालो, मग 'काम' शोधायला, आणि दोन्हीकडून हात हलवत परत आलो. बाईंनी फट बुजवली. मग फाइलच्या पत्त्यातल्या तिरक्या रेघा उलट्या बाजूला झुकलेल्या निघाल्या, त्याही सरळ केल्या. मला वाटलं, सुटलो. सुटलो कसला!

काम होतं विज्ञानाच्या पुस्तकाचं. एका अंध शाळेत त्याच्या जुन्या प्रती होत्या. पण ब्रेलचं असं आहे, वाचून वाचून ठिपके बसतात, कागद सपाट होतो. निम्म्या वर्गाच्या प्रती अशा बसलेल्या. त्यांना वीस नव्या प्रती हव्या होत्या, आणि जुन्याशी पानाला पान जुळणाऱ्या. वर्गातल्या शिक्षिका बावन्नावं पान म्हणाल्या की सगळ्यांच्या बोटाखाली एकच ओळ यायला पाहिजे. परीक्षा पंधरा दिवसांवर आलेली. शाळेची गाडी शनिवारी सकाळी यायची होती. आणि अक्कांची भाची, त्यांच्या धाकट्या बहिणीची मुलगी, त्याच वर्गात. तिच्या प्रतीतला पाण्याचा धडा तर पार पुसलेला. ती मावशीला फोनवर म्हणाली होती की बोट नुसतं घसरतं, काही लागतच नाही.

मी धावलो. मोजलं, तोडलं, पानं पाडली. आणि बाईंना पडद्यावर दिसलं की मधेमधे रिकाम्या ओळी घुसल्यात. इथे एक, तिथे दोन, मग पानभर काहीच नाही, पुन्हा एक. त्या ओळींनी खालचा मजकूर ढकलला, आणि बावन्नाव्या पानावरचं त्रेपन्नावर, पुढचं त्याहून पुढे. पंचवीस ओळींचं पान, त्यात एक फुकटची घुसली तरी सगळं पुस्तक सरकतं हो.

मंगळवारी बाईंनी मला दहा वेळा चालवलं. बुधवारी माझी खोली पाडून पुन्हा बांधली. टाइप करणाऱ्यांनी दिलेली फाइल बघितली, ती स्वच्छ. माझ्या अडतीस ओळी वाचल्या, त्याही स्वच्छ. मी आतल्या आत तडफडत होतो. मी चाळीसच मोजतोय, बाई, शप्पथ चाळीसच. पण मला तोंड कुठे? गुरुवारी दुपारी त्या खुर्ची मागे सारून म्हणाल्या की हा म्हातारा मनाला येईल तिथे ओळ सोडतोय, याला काही नियमच राहिलेला नाही. मित्रांनो, शिवी दिली असती तरी चाललं असतं. मोजणाऱ्याला नियम नाही म्हणणं म्हणजे काय ते मोजणाऱ्यालाच कळतं.

मॅनेजर माणूस वाईट नाही, घाईचा आहे. त्यानं तोड काढली, सगळ्या रिकाम्या ओळी एका झटक्यात पुसून टाका आणि यंत्र सुरू करा. हा म्हाताराही काढून टाका, पुढचं पुढे बघू. बाईंचं बोट बटणापर्यंत गेलंसुद्धा. पलीकडच्या टेबलावरून अक्कांनी हाक मारली.

"सगळ्या पुसू नकोस गं. दोन प्रश्नांच्या मधली रिकामी ओळ आमची असते. तीच गेली तर एक प्रश्न कुठे संपला ते पोरांना कोण सांगणार?"

"मग काय करू, अक्का? उद्या दुपारपर्यंत यंत्र सुरू व्हायला पाहिजे."

"मला चार पानं काढून दे. आहेत तशी, चुकीची."

मॅनेजर कुरकुरला. कागद जाड असतो, यंत्र कानठळ्या बसवतं, आणि पडद्यावर दिसतंय ते कागदावर कशाला काढायचं, असा त्याचा नियम. नवा कॉम्प्युटर आल्यापासून अक्कांना त्यानं एकही कच्चं पान दिलं नव्हतं. अक्का म्हणाल्या, तुझा पडदा मला काचेसारखा गुळगुळीत लागतो बाबा, मी काय वाचू त्याच्यावर? तोवर बाईंनी पानं यंत्राला लावली होती.

यंत्र खडखडलं. चार पानं अक्कांच्या टेबलावर गेली. अक्कांचं उजवं बोट ओळीवरून चाललं, डावं मोजत खाली उतरलं. पहिलं पान झालं, दुसरं झालं. मग त्या थांबल्या, खण ओढला, आणि आतून पितळी पट्टी काढली. पंधरा वर्षांनी माझ्या बहिणीचा आवाज ऐकला मी, टेबलावर टेकताना झालेला टण् असा. काय सांगू, अंगावर काटा आला, अंग नसूनही.

त्यांनी पट्टी एका ओळीवर ठेवली, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. चारही पानं झाली तेव्हा म्हणाल्या,

"याला नियम आहे. जी ओळ काठोकाठ भरलीय, चाळीसच्या चाळीस घरं, तिच्याच खाली रिकामी ओळ येते. एकोणचाळीसच्या खाली एकदाही नाही. पोरी, तुझ्या प्रत्येक ओळीच्या शेवटी काहीतरी बसलंय. दिसत नाही, पण जागा धरून आहे."

बाईंनी तेव्हा पहिल्यांदा मान वर केली. पडद्यावर त्यांना हे कसं कळणार होतं? तिथे एक अक्षर बारीक, एक रुंद, भरलेली ओळ कुठली आणि अपुरी कुठली, डोळ्याला पत्ता लागत नाही. कागदावर सगळी घरं सारखी. बोट कडेला जाऊन आपटतं तेव्हा कळतं की घर भरलं.

आमच्या गावचं एक अवजार आहे, मजकुराची हाडं दाखवतं, डॉक्टर फोटो काढतात तसं. बाईंनी ते काढलं. आणि दिसलं की प्रत्येक ओळीच्या टोकाला एकाऐवजी दोन खुणा आहेत. मित्रांनो, टाइपरायटरवर ओळ संपली की दांडा ओढायचा असतो. त्यानं दोन कामं होतात. गाडी सुरुवातीला परत येते, आणि कागद एक खाच वर सरकतो. विंडोज ही दोन्ही कामं प्रत्येक ओळीखाली लिहून ठेवतं. आमच्या गावचे लोक आळशी, ते एकच लिहितात. हा मजकूर टाइप झाला तो या नव्या कॉम्प्युटरवर, त्यानं आपल्या रीतीनं दोन लिहिल्या होत्या. मला एकच ठाऊक. ओळ काठोकाठ भरलेली असली की दुसरीला मी एक्केचाळिसावं घर समजलो, इमानानं तोडलं आणि खाली ढकललं. ती एकटीच, न दिसणारी. म्हणून खालची ओळ रिकामी.

बाईंनी हे समजावून सांगितलं तेव्हा अक्का पट्टी पुसत हसल्या. "म्हणजे मिस्त्रींचं दुकान बंद झालंच नाही म्हणायचं. तुझ्या कॉम्प्युटरात शिरून बसलंय."

मग मला एक ओळ वाढली. मोजायच्या आधी ओळीची शेपटी कापायची, एवढंच ती सांगते. शुक्रवारी सकाळी यंत्र सुरू झालं ते दिवे लागेपर्यंत थांबलं नाही. बावन्नावं पान अक्कांनी विसाच्या वीस प्रतींत बोटानं तपासलं. शनिवारी गाडी गेली. सोमवारी भाचीचा फोन आला. वर्गात शिक्षिकेनं पान सांगितलं आणि तिचं बोट सगळ्यांच्या आधी त्या ओळीवर होतं, हे तिनं मावशीला तीनदा सांगितलं म्हणे.

जाण्याआधी इंजिनीअरबाईंनी माझ्यात आणखी एक ओळ घातली. आमच्यात अशी सोय असते, ओळीच्या पुढे एक खूण केली की ती ओळ आम्ही पाळत नाही, ती माणसांनी वाचायची. मिस्त्रींनी अशी एकही लिहिली नव्हती. त्यांना वाटलं असेल, मी आहेच की सांगायला. बाईंनी लिहिलंय, 'खालची ओळ काढू नका, ती न दिसणारी शेपटी कापते. पुन्हा काही बिघडलं तर आधी चार पानं अक्कांना द्या.'

अशा झाल्या माझ्या चाळीस ओळी. मला मोजता येतात तेवढ्या.

अक्का निवृत्त होतील. हा कॉम्प्युटरही कधीतरी धूर सोडेल, मला पुन्हा कुणी उचलून भलत्याच गावात नेऊन ठेवील, आणि तिथल्या शेपट्या आणखी कसल्या असतील कुणास ठाऊक. म्हणून तुमच्याजवळ एक मागणं आहे, मित्रांनो. जुनं माणूस किंवा जुनी वस्तू नव्या जागी अडखळली तर लगेच म्हातारचळ म्हणू नका. ते काम ज्याच्या बोटाखाली जातं, त्याला आधी विचारा. आणि उत्तर सापडलं की एक ओळ लिहून ठेवा, मागून येणाऱ्यासाठी.

अक्कांनी पट्टी परत खणात टाकलेली नाही. टेबलावरच असते हल्ली. बरं वाटतं. तरी प्रत्येक ओळ आली की माझा जीव खालीवर होतोच, चाळिसाव्या घराशी पोचेपर्यंत. होऊ दे. मोजणाऱ्यानं निवांत होऊन कसं चालेल?